रोखठोक पाटीखालचा मालक

नरखेड तालुक्यातल्या एका चांगल्या भरल्या बोरला मी मेलेला ठरवलं. पाणी आटलं नव्हतं. मोटर उलटी फिरत होती, आणि ती मीच जोडली होती.

हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण संपादकांनी लेख मागितला आहे तो ‘रोखठोक’ या शब्दावर. फोनवर म्हणाले, “तुमच्या दुकानाच्या पाटीवर इतकी वर्षं हा शब्द आहे, तुमच्याइतका त्याचा अनुभव कोणाला असणार?” संपादकांनी पाटी वाचली होती, मला ऐकलं नव्हतं. मालकाजवळ जे कमी असतं तेच तो पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून घेतो, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

माझं दुकान नागपूरच्या हिंगणा रोडवर, मोटर रिवाइंडिंगचं. आता मुलगा पाहतो. मी सकाळी जाऊन खुर्ची अडवतो. ज्यांच्या घरची मोटर कधी जळली नाही अशा भाग्यवंतांसाठी धंदा समजावून सांगतो. मोटरीच्या पोटात तांब्याच्या तारेचे वेढे असतात. लाईन कमीजास्त झाली, कुठे काही अडकलं, की तार तापते, तिच्यावरचं आवरण वितळतं आणि मोटर जळते. मग ती गोणपाटात गुंडाळून आमच्याकडे येते. आम्ही जळकी तार उपसून काढतो, किती वेढे होते ते मोजतो, तेवढेच वेढे नव्या तारेचे भरतो, तपासतो आणि परत देतो. जळक्या मोटरीला एक वास असतो. तो माझ्या लग्नाच्या कोटालाही होता असं माझी बायको मंदा पाहुण्यांना सांगते.

‘आम्ही’ भरतो म्हटलं, ते सवयीने. दुकान माझं, पण हात परातेजींचे. परातेजी उमरेडचे, घर विणकरांचं. तरुणपणी हातमागावर बसले, मग माग थांबला आणि ते तांब्याच्या तारेकडे आले. वेढे मोजायला त्यांना कागद लागत नसे. बोटं मोजत आणि तोंड मोकळं असे. ते मोकळं तोंड हीच माझ्या दुकानाची ख्याती. मी एकदा त्यांना विचारलं होतं, इतकं सरळ बोलायला कुठे शिकलात? तारेवरची नजर न काढता म्हणाले, “मागावर सूत तुटलं का ते जागच्या जागी सांगा लागते, भाऊ. दाबून पुढं विनलं तं लुगडं पयल्या धुण्यात बोलते.”

आणि मी? माझी सगळी हयात दोन शब्दांवर गेली. ‘होऊन जाईल.’

मोटर उद्या मिळेल का? होऊन जाईल. ही पुन्हा जळणार नाही ना? होऊन जाईल. एका गिऱ्हाइकाने आईच्या तेराव्याचं सांगून मोटर लवकर मागितली, त्यालाही मी भरल्या गळ्याने ‘होऊन जाईल’ म्हणालो होतो. यात फसवण्याचा हेतू नव्हता हो. समोरच्याचं तोंड पडलेलं मला पाहवत नाही. ते माझ्या दारात पडू नये, उद्या घरी गेल्यावर पडलं तर पडो, एवढीच माझी माणुसकी.

हिंगण्याच्या एका कारखान्याचे इंजिनिअर एकदा भरदुपारी आले. कूलिंगची मोटर जळलेली, कामगारांची पाळी अडलेली. मला म्हणाले, संध्याकाळपर्यंत पाहिजे. मी तोंड उघडलं, ‘हो...’ एवढंच निघालं होतं, तेवढ्यात आतून आवाज आला, “आज नाई होत. उद्या चार वाजता.” इंजिनिअर साहेबांचा चेहरा उतरला. मी परातेजींकडे रागाने पाहिलं. साहेबांनी तिथेच उभं राहून फोन लावला, दुसरीकडून भाड्याची मोटर मागवली आणि कारखाना चालू ठेवला. दुसऱ्या दिवशी पावणेचारला आमची मोटर तयार. तेव्हापासून त्या कारखान्याची सगळी कामं आमच्याकडे आली, आणि साहेब दारातूनच विचारायला लागले, “परातेजी आहेत का?”

“मी आहे ना, या की.”

“नाही, मग संध्याकाळी येतो.”

असं रोज घडायला लागल्यावर मी पाटी रंगवून घेतली. नावाखाली ठळक लाल अक्षरांत ‘रोखठोक काम’. परातेजींची जीभ माझ्या पाटीवर, असा साधा हिशेब. मंदा पाटी पाहायला आली, कमरेवर हात ठेवून तिने ती दोनदा वाचली आणि म्हणाली, “बरं झालं. आता कोणी पत्ता विचारत आलं तर म्हणेल, इथे तो रोखठोकवाला कुठं बसतो, आणि तुम्ही म्हणाल, पाहून घेऊ.”

मला लागलं ते. आठवडाभर मी रोखठोक व्हायचं ठरवलं.

पहिला बळी बेसा भागातल्या एका सोसायटीचे सचिव. निवृत्त प्राचार्य. त्यांच्या सोसायटीची मोटर वर्षात दुसऱ्यांदा जळली होती, आणि तिच्या आवाजाविषयी त्यांनी मला दोन पानी पत्र लिहिलं होतं, परिच्छेदांना क्रमांक घालून. मी गेलो. सरांनी प्रेमाने बसवलं, चहा सांगितला. चहा आला. मी छाती भरून घेतली आणि म्हणालो, “सर, स्पष्ट सांगतो. जन्मभर पोरांना शिकवलंत, आता मोटरीला शिकवू नका. एवढ्या घरांत एकालाही अक्कल नसावी याचं आश्चर्य वाटतं.”

सरांनी माझ्यापुढचा भरला कप उचलला आणि आत नेऊन ठेवला. मग बाहेर येऊन दार उघडं धरून उभे राहिले.

दुकानात येऊन मी परातेजींना अभिमानाने सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“आन मोटर काहून जळून राहिली, ते सांगतलं का?”

“ते राहूनच गेलं.”

“म्हंजे तुमी सरायच्याबद्दल सांगून आले. काम तं मोटरीचं होतं.” आणि थोड्या वेळाने, तार ओढता ओढता, “कडू बोलनं सोपं असते, भाऊ. त्याले काई तपासा नाई लागत.”

दुसऱ्या दिवशी ते स्वतः गेले. टाकी पाहिली, चौकीदाराशी बोलले आणि सरांना म्हणाले, “टाकी भरून सांडते तरी मोटर चालू राहते. तुमचा चौकीदार तवा दुसऱ्या गेटावर असते, त्याचा दोष नाई. टाकी भरली का वाजनारी घंटी लावा.” परातेजींना चहाबरोबर चिवडा मिळाला. येताना पुडीत बांधून माझ्यासाठीही आणला होता. तो मी खाल्ला, पण गोड नाही लागला.

यातून मी काय शिकलो? काहीच नाही. मी उलट धडा घेतला. रोखठोकपणा हे आपलं काम नाही, आपण गोडच बरे, असं ठरवून परत ‘होऊन जाईल’वर आलो. आणि त्याच गोडव्यात नरखेडला गेलो.

विमलबाईंची मोसंबीची बाग नरखेड तालुक्यात. तिकडे बाग म्हणत नाहीत, बगीचा म्हणतात. तीनशेच्या आसपास झाडं. बाईंचे यजमान लवकर गेले. मुलगा हिंगण्यात नोकरीला, त्याच्याच ओळखीने मोटर आमच्याकडे आली होती. बगीचा त्या एकट्या पाहत. साठीच्या आतबाहेर वय, उंच, पायात पुरुषी बूट, आणि बोलणं असं की एका वाक्यात काम होत असेल तर दुसरं वाक्य त्या बोलत नसत.

एप्रिल महिना होता. फळं वाटाण्याएवढी धरलेली. या दिवसांत झाडाला पाणी तुटलं तर फळ गळतं, आणि फार तुटलं तर झाडच वाळतं. परातेजींनी मोटर भरून दिली, तपासून दिली आणि भाचीच्या लग्नाला उमरेडला गेले. मोटर बोरमध्ये सोडायला मी गेलो. मी काही अगदीच अडाणी नाही, मोटर सोडता येते मला. गावातली दोन माणसं घेतली, चेनकप्पी लावली, एकेक पाइप जोडत दुपारपर्यंत मोटर खोल उतरवली. स्टार्टरला तारा जोडल्या. बटण दाबलं.

पाणी आलं, पण करंगळीएवढं.

आता इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, जी पोरासोरांना माहीत असते. थ्री फेजच्या मोटरीला तीन तारा. त्यातल्या दोन इकडच्या तिकडे झाल्या तर मोटर उलटी फिरते. जळत नाही, ओरडत नाही, इमानदारीने फिरत राहते, फक्त पाणी नीट वर फेकत नाही. म्हणून मोटर सोडली, पाणी कमी आलं, की पहिलं काम, लाईन बंद करून दोन तारा बदलून पाहायच्या. एक पान खाऊन होण्याआधी होणारं काम. जिकडे जास्त पाणी ती दिशा बरोबर.

मी ते केलं नाही. का केलं नाही, याचं उत्तर मी इतक्या वर्षांत अनेकांना अनेक तऱ्हांनी दिलं. खरं उत्तर असं, की गावातली आठदहा माणसं भोवती उभी होती, सगळी माझ्या तोंडाकडे पाहत होती, आणि त्या क्षणी मला मेकॅनिकपेक्षा वैद्य असल्यासारखं वाटलं. मी बोरच्या तोंडाला कान लावला. डोळे मिटले. मान हलवली.

“काय झालं, भाऊ?” विमलबाई म्हणाल्या.

“बाई, पाण्याचं कसं असतं, जमिनीच्या पोटातली गोष्ट आहे...”

“बोर मेला का जिता हाये?”

“तसं पाहिलं तर पातळी बरीच खाली गेलेली दिसते.”

“म्हंजे मेला.”

“अगदी तसंच म्हणता येणार नाही. पण तसं धरून चालायला हरकत नाही.”

बाई झाडांच्या ओळींकडे पाहत राहिल्या. जुनी विहीर होती त्यांच्याकडे, तिचं पाणी निम्म्या बगीच्याला पुरेल एवढं. त्या कोणाला न विचारता हिशेब करत होत्या. मग वळून मला म्हणाल्या, “बरं झालं सांगतलं. आशेवर नाई ठेवलं. पाटीवर लिवलं हाये तसेच हा तुमी.”

आणि मी मान झुकवून ते कौतुक घेतलं. घरी येऊन मंदाला सांगितलंसुद्धा, आज एका बाईने मला रोखठोक म्हटलं. मंदा भाजी निवडत होती. म्हणाली, “दुसऱ्याच कोणाबद्दल बोलल्या असतील.”

तो सोमवार होता. गुरुवारी दुपारी परातेजी लग्नाहून आले. हाताला हळद, खिशात बुंदीची पुडी. पुडी माझ्यापुढे ठेवून विचारलं, “नरखेडची मोटर सोडली?”

“सोडली. पण बोरच गेला हो. करंगळीएवढं पाणी.”

“अंपिअर किती दाखवून राहिलं होतं?”

“पाहिलं नाही.”

“तारा बदलवून पायल्या?”

मी बुंदीच्या पुडीचा दोरा सोडवायला घेतला. तो सुटत नव्हता. परातेजींनी पुडी माझ्या हातातून काढून बाजूला ठेवली.

“भाऊ, तो बोर मले माहीत हाये. मागच्या साली मीच मोटर काढली होती. असा चार महिन्यात नाई मरत. लावा फोन.”

मी फोन लावला. विमलबाईंनी उचलला. परातेजी तोवर वार्निश सुकवायच्या भट्टीकडे गेले होते. मी म्हणालो, “बाई, नमस्कार. कसं काय, बरं आहे? उद्या सकाळी आम्ही जरा येऊन जातो म्हणतो.”

“काहून?”

“असंच. एकदा पाहून घेतो.”

“आता काय पाहता, मेलेला बोर? उद्या सकाळी आरीवाला येनार हाये. निम्मे झाडं काढते. साऱ्यायले थोडं थोडं पाजून सारेच मारण्यापरीस निम्मे वाचवते.”

सांगायची वेळ हीच होती. पण तोंडाने काय केलं? तोंड म्हणालं, “घाई करू नका, बाई. आम्ही येतोच. होऊन जाईल सगळं.”

“या मंग,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. ‘घाई करू नका’ हे मी सगळ्यांना सगळ्याच गोष्टींत म्हणतो, त्यामुळे त्यांनी त्यावर काही थांबवलं नाही. का थांबवतील? मी त्यांना कारण दिलंच नव्हतं.

शुक्रवारी उजाडताना आम्ही दोघं व्हॅनमधून निघालो. रस्ताभर मी मनात वाक्यं जुळवत होतो. एक चांगलं सापडलंही. म्हणालो, “परातेजी, ट्रान्सफॉर्मरवर लाइनमनने तारा बदलल्या असतील. असं होतं ना बरेचदा?”

“होते. पन इथं झालं का?”

“झालं असू शकतं.”

“लाइनमनचं नाव घ्याल तं मी इथीच उतरतो. एसटीनं वापस जाईन.”

काटोलला चहाला थांबलो. परातेजींनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि सहज विचारलं, “बाईनं काय म्हनलं, मोटर उलटी हाये ऐकून?”

“फोनवर कसं सांगायचं ते. म्हटलं, समोरासमोर बरं.”

“मंग काय सांगतलं?”

“येतो म्हणून सांगितलं.”

बशी तशीच खाली गेली. त्या माणसाने चहा टाकून दिलेला मी तेवढा एकदाच पाहिला. “लावा फोन,” म्हणाले. मी लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. बाई बगीच्यात होत्या, फोन घरात.

राहिलेल्या रस्त्यात मी आणखी दोनदा फोन लावला. गाडीची काच उघडी होती, त्यामुळे बगीचा दिसायच्या आधी मशीनच्या आरीचा आवाज आला. आवाज वाढायचा, मग एकदम हलका व्हायचा. हलका झाला की समजायचं, एक झाड गेलं.

मी धावलो. माझ्या देहाला धावणं शोभत नाही, पण धावलो. विमलबाई कापलेल्या फांद्या बाजूला ओढत होत्या. हिरव्यागार फांद्या, वाटाण्याएवढ्या फळांनी भरलेल्या.

“बाई,” मी धापा टाकत म्हणालो, “त्या दिवशी काय झालं, की व्होल्टेजची जी परिस्थिती होती...”

मागून परातेजी खोकले.

“भाऊ, मशीन चालू हाये,” बाई म्हणाल्या. “काय ते लवकर बोला.”

“मोटर उलटी फिरते. बोर चांगला आहे. मी तपासलं नाही.”

नऊ शब्द. मी नंतर मोजले. गुरुवारच्या फोनमध्ये ते आरामात मावले असते.

बाईंनी आधी हात वर करून आरीवाल्याला थांबवलं. मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं अवजार हातात घेऊन त्याची धार पाहावी तसं. म्हणाल्या, “दाखवा.”

परातेजींनी मेन स्विच पाडला, स्टार्टर उघडला, दोन तारा सोडल्या, बदलून बसवल्या. स्क्रूचे चार फेरे. स्विच वर केला आणि बाजूला होऊन बाईंना म्हणाले, “दाबा.” बाईंनी बटण दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही, पाइपातून नुसती हवा फुसफुसली. मग पाणी असं आलं की हौदाच्या समोरच्या भिंतीवर जाऊन आपटलं.

बाईंनी धारेखाली तळवा धरला. धार तळवा मागे लोटत होती. त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग मागे वळून कापलेली ओळ मोजली.

“अकरा,” म्हणाल्या.

मी काहीतरी भरून देण्याचं बोलायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. “ते मंग. आंधी एक करा. बोर मेला, हे साऱ्या गावात झालं हाये. झाडावरच्या फळाची हुंडी घेनारा व्यापारी आला का गाववालेच त्याले सांगतीन, बाईचा बगीचा वाळून राहिला, भाव पाडून मांगा. मी शंभरदा सांगतलं तरी म्हनतीन, बाई झाकून राहिली. तवा तुमीच जा ठेसनावर आन सांगा.”

ठेसन म्हणजे एसटीचा थांबा. तिथे चहाची टपरी आणि टपरीभोवती सकाळची सगळी सभा भरलेली. मी हौदाच्या पाण्याने तोंड धुतलं आणि गेलो. परातेजींना म्हटलं, चला बरोबर. ते म्हणाले, “मी गाडीजवळ थांबतो.”

टपरीसमोर उभं राहून मी घसा खाकरला. हिंगण्याच्या व्यापाऱ्यांच्या सभेत मी आभार मानायला उठलो की लोक जेवायला उठतात, एवढा माझा बोलण्याचा पसारा. इथे मी नऊच शब्द बोललो, तेच. मग फेटा बांधलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, “म्हंजे बोर जिता हाये?”

“हो.”

“आन मोटर उलटी लावली होती?”

“हो.”

“कोनं?”

“मी.”

“तुमचं काम काय हाये, भाऊ?”

“मोटरीचंच दुकान आहे. नागपूरला.”

सभा जी हसली ती अजून माझ्या कानात आहे. टपरीवाल्याने हसत हसत मला कट चहा दिला आणि तो म्हातारा म्हणाला, “बसा गा, बसा. उलटे नका बसू.” पण एक गोष्ट झाली. कोणी ‘खरंच का’ विचारलं नाही. स्वतःच्या अंगावर घेऊन सांगितलेली गोष्ट लोक तपासत बसत नाहीत. दुपारपर्यंत ती शेजारच्या दोन गावांत पोचली. माझ्या कोणत्याही जाहिरातीला ते जमलं नव्हतं.

भरपाईचं विमलबाईंनी पावसाळ्यात काढलं. फोन आला, “अकरा कलमा आनल्या हाये. या लावाले.” पैसे देतो म्हटलं तर म्हणाल्या, “पैशानं खड्डे नाई खनत.” मी गेलो. दोन दिवस कुदळ चालवली. हाताला फोड, कमरेला पट्टा. खड्डे खणले, कलमं लावली, माती दाबली, पाणी घातलं. उठून उभा राहिलो तेव्हा मला खरंच बरं वाटलं, जन्मात एक तरी काम स्वतःच्या हाताने पुरं केल्यासारखं.

दोन महिन्यांनी पुन्हा फोन. “भाऊ, दोन कलमा गेल्या.”

“काहून?”

“कलमेचा जोड मातीच्या वर ठेवा लागते. तुमी गाडून टाकला. बाकीच्याईची माती मी हटवली. या दोघी हाती नाई लागल्या.”

त्या दोन जागी त्यांनी स्वतः नवीन कलमं लावली. मला बोलावलं नाही.

आता ती अकरा झाडं फळावर आहेत. दर वर्षी बहार उतरला की एक पोतं मोसंबी दुकानात येते. पोत्यावर परातेजींचं नाव असतं. परातेजी त्यातली निम्मी मला देतात, मोजून. परातेजींची नजर आता कमी झाली आहे, तार भरत नाहीत, पण मोटर हाताने फिरवून आवाजावरून सांगतात काय बिघडलं. पोरं वाद घालत नाहीत. पाटी मुलाने नवी केली, विजेची, रंग बदलणारी. शब्द तोच ठेवला. मी म्हटलं, काढून टाक. तो म्हणाला, राहू द्या बाबा, परातेकाका आहेत तोवर खोटं नाही.

मीही थोडा सुधारलो. गिऱ्हाइकाने विचारलं, उद्या मिळेल का, तर तोंडातून ‘हो’ निघतो तेवढा निघतो, पण मी पुढचं गिळतो आणि आतल्या पोरांना विचारून येतो. कधी ‘नाही’ सांगावं लागतं. समोरचं तोंड पडतं. अजूनही पाहवत नाही मला ते, मी बिलबुकात पाहतो. पण ती अकरा खोडं आठवतात. कापल्यावर मोसंबीच्या लाकडाला ओला, गोडसर वास येतो. जळक्या मोटरीच्या वासापेक्षा तो चांगला असायला हवा. मला नाही वाटत.

लेख लिहून झाल्यावर मी विमलबाईंना फोन केला. त्यांची गोष्ट छापायची तर विचारायला हवं. या वेळी नमस्कार-चमत्कार न करता सरळ मुद्द्यावर आलो. म्हटलं, “बाई, रोखठोक या शब्दावर लेख लिहिला आहे. त्यात तुमचा बगीचा आहे, माझी चूक आहे. छापू का?”

पलीकडे मोटरीचा आवाज येत होता. सुलटा असावा.

“छापा,” विमलबाई म्हणाल्या. “पन आंधी परातेजींले वाचून दाखवा. तुमच्या हातानं जोडलेलं उलटंच फिरते.”